पोच

नाशिक महानगरपालिकेच्या सर्व १२२ नगरसेवकांस,



माझा जन्म पंचवटीतला. टपाल खात्यात तेहतीस वर्षं नोकरी केली आणि त्यातली निम्मी रजिस्टर टपालाच्या काउंटरवर गेली. तिथे दिवसभर एकच प्रश्न कानावर पडायचा, ‘बाई, पोच आली का?’ रजिस्टर पत्राबरोबर पोचपावतीचं कार्ड जायचं. पत्र हातात पडलं की घेणाऱ्याने त्यावर सही करायची आणि ते कार्ड उलट टपालाने पाठवणाऱ्याच्या घरी यायचं. वाटणीची नोटीस असो की बदलीचा अर्ज, पोच हातात येईपर्यंत माणसाला चैन पडत नसे. पत्र पेटीत टाकलं म्हणजे काम झालं, असं कुणी धरून चालत नसे. आपल्या नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२६ पासून देशाची टपाल तिकिटं छापली जातात, म्हणजे पत्र धाडण्याची सोय या गावाने सगळ्या देशाला केली. २०२५ मध्ये रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झालं. पण तो प्रश्न अजून माझ्या कानात आहे.

पोच हा शब्द आपण आणखी एका जागी वापरतो. समोरच्याला काय वाटेल हे ज्याला उमगत नाही, त्याला आपण ‘पोच नाही’ म्हणतो. हे पत्र शब्दाच्या दोन्ही अर्थांबद्दल आहे.

मार्च २०२२ मध्ये आधीच्या सभागृहाची मुदत संपली. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं. मधली जवळजवळ चार वर्षं शहर चालू होतं, कर भरला जात होता, रस्ते खणले जात होते. ज्याच्या दारात जाऊन ‘हे असं का?’ म्हणून विचारावं, असा निवडून दिलेला माणूस तेवढा नव्हता. आता बहुतेक प्रभागांत तुम्ही चौघं-चौघं आहात. निकालानंतर चौकाचौकात तुमचे आभाराचे फलक लागले. आमच्या चौकातले सगळे मी उभं राहून वाचले. फोटो होते, नेत्यांची नावं होती, ‘ऋणी’ हा शब्द होता. कुठल्या वारी, किती वाजता, कुठे भेटाल, हे एकावरही नव्हतं. त्या दिवशी घरी येऊन हे पत्र लिहायला घेतलं.

फलक हा शब्द या गावाला फार जुना आहे. पांडवलेण्याच्या पायऱ्या चढून दहाव्या लेण्याच्या व्हरांड्यात उभे राहिलात तर भिंतीवर ब्राह्मी लिपीतले लेख दिसतील. त्यातला एक राजा नहपानाचा जावई उषवदात याचा आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्याने भिक्षुसंघासाठी तीन हजार कार्षापण गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, कायमची ठेव म्हणून ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. हजार दुसरीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं. पहिल्या ठेवीचं वर्षाचं व्याज होतं २४०, आणि लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळायचे. वीस बारे दोनशे चाळीस. काउंटरवर आयुष्य गेलेल्या माझ्यासारखीला हा हिशोब जुळलेला पाहून फार बरं वाटलं. गंगापूरच्या बाजूला गोवर्धन गाव आजही आहे, हे तुम्हाला सांगायला नको.

मी त्या भिंतीपुढे खिळून राहिले ते मात्र लेखातल्या पुढच्या मजकुरामुळे. हे सगळं निगमसभेत ऐकवलं आणि रीतीप्रमाणे फलकांवर नोंदवून ठेवलं, असं तिथे कोरलेलं आहे. ‘श्रावित’ आणि ‘निबद्ध’ असे ते दोन शब्द आहेत. आधी ऐकवलं, मग बांधून ठेवलं. राजाचा जावई होता तो, हुकूम सोडून मोकळा झाला असता तरी कुणी त्याला अडवणार नव्हतं. पण ठेव पिढ्यान्‌पिढ्या चालायची तर तिला साक्षीचे कान लागतात. पन्नास वर्षांनी एखादा विणकर ‘असं काही ठरलं नव्हतं’ म्हणाला, तर ‘माझा बाप होता त्या सभेत’ म्हणणारा दुसरा कुणीतरी लागतो. त्या फलकावरचा मजकूर गावाने आधी ऐकलेला होता. आमच्या चौकातल्या फलकांवरचा मजकूर कुणी कुणाला वाचून दाखवलेला नाही, आणि त्याला उलट प्रश्न विचारायची जागाही नाही.

उघड्यावर बोलल्याने काय फरक पडतो, हे माझ्या आजोबांनी, आईच्या वडिलांनी, मला फार लहानपणी समजावलं होतं. ते निफाड तालुक्यातले शेतकरी. त्यांच्या तरुणपणी बाजारात हत्ता पद्धत चालायची. अडत्या आणि खरेदीदार समोरासमोर उभे राहायचे, दोघांच्या हातांवर उपरणं पडायचं आणि उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरायचा. एवढी बोटं म्हणजे एवढे रुपये, मूठ दाबली म्हणजे आणखी काही. तोंडाने शब्द नाही. माल ज्याचा तो दोन हातांच्या अंतरावर उभा असायचा. आजोबा मला दाखवायला माझा हात आपल्या धोतराच्या सोग्याखाली धरायचे, बोटं दाबायचे आणि विचारायचे, ‘सांग, काय ठरलं?’ मला कळायचं नाही. मग म्हणायचे, ‘मलाही कळायचं नाही. कापड हललेलं दिसायचं.’

१९३९ साली मुंबई प्रांतात शेतमालाच्या बाजारांचा कायदा झाला, त्यातून नियमनाखालचे बाजार उभे राहिले. लासलगावची बाजार समिती १९४७ ची. आता तिथे ट्रॅक्टरच्या रांगांमधून व्यापाऱ्यांचा घोळका चालतो, एकेका ट्रॉलीपाशी थांबून कांदा उचलून, दाबून, सोलून पाहतो, बोली लागते, भाव मोठ्याने पुकारला जातो. शेतकरी ट्रॉलीवर उभा राहून तो ऐकतो. शेजारच्या ट्रॉलीचा भावही त्याला ऐकू जातो. परवडत नसेल तर ‘नाही द्यायचा’ म्हणून ट्रॅक्टर फिरवतो. या पुकाऱ्याने शेतकऱ्याचं सोनं झालं, असं मी म्हणणार नाही. भाव कोसळतो, डिसेंबर २०२३ सारखी निर्यातबंदी एका रात्रीत येऊन पडते, आणि व्यापाऱ्यांनी आधीच आपसात ठरवून घेतलं असल्याची शंका आजही बोलून दाखवली जाते. तरीही ज्या माणसाला आपल्या मालाचा भाव आपल्या कानांनी ऐकायची सवय लागली, त्याला त्या भावाचा हिशोब मागायची सवय लागते. १९८० च्या नोव्हेंबरात शेतकरी नेते शरद जोशींच्या हाकेसरशी याच जिल्ह्यातले कांदा-ऊस पिकवणारे हजारोंनी मुंबई-आग्रा रस्त्यावर येऊन बसले. त्यांच्या हातात होता तो उत्पादन खर्चाचा हिशोब. उपरण्याखाली भाव ठरत राहिला असता तर तो हिशोब कुणी कुणापुढे मांडला असता?

इथे थांबून मला एक गोष्ट स्वतःलाच बजावावी लागते. जुन्या सभेची, पाराची, चावडीची आठवण काढताना गळा दाटून येतो, पण त्या सभेत कोण होतं आणि कोण नव्हतं हे विसरलं तर आठवण खोटी ठरेल. गावात दवंडी पिटणारा, मयताचा सांगावा घेऊन उन्हातान्हात दुसऱ्या गावी पळणारा, सरकारी माणसापुढे वाट दाखवत चालणारा महार होता. टपाल खात्याच्या आधीचं आमचं खातं ते! गावाचा प्रत्येक निरोप ज्याच्या पायांवर चालायचा, त्याला त्याच गावाच्या चावडीवर बसून स्वतःचा एक शब्द बोलता येत नव्हता. त्याचं काम पोचवायचं. त्याच्या म्हणण्याची पोच कुणी द्यायची नाही. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला काढलेल्या पाक्षिकाचं नाव ‘मूकनायक’ का होतं, हे मला या दृष्टीने विचार केल्यावर नीट समजलं. त्या माणसांना वाचा होती. पण त्यांचं ऐकून घेणारी सभाच नव्हती, म्हणून ते मूक ठरले होते.

२ मार्च १९३० ला ती माणसं रांगेने प्रवेश मागायला काळाराम मंदिराच्या दाराशी आली आणि दारं बंद झाली. माझं माहेर त्या दारापासून चालत पाच मिनिटांवर आहे. एप्रिलमध्ये रथयात्रेच्या दिवशी दगडफेक झाली, माणसं जखमी झाली. पुढे काही वर्षं सत्याग्रह चालू राहिला. त्या काळात बाबासाहेब कधी मुंबईत, कधी गोलमेज परिषदेसाठी लंडनला, आणि इथली आघाडी भाऊराव गायकवाड, आपले दादासाहेब, सांभाळत होते. दोघांमधली पत्रं पुढे पुस्तकरूपाने आली. मी ती टपालवालीच्या नजरेने वाचली. लंडनहून निघालेलं पत्र आगबोटीने मुंबईला, तिथून रेल्वेने नाशिकला यायला आठवडे लागायचे. दोघांच्या मध्ये समुद्र असूनही आंदोलन तुटलं नाही, कारण पत्राला उत्तर जात होतं आणि उत्तराला उत्तर येत होतं. देवळापासून चार पावलांवर राहणाऱ्यांना मात्र दाराबाहेर बसलेल्या माणसांचं म्हणणं कित्येक वर्षं ऐकू गेलं नाही. माझ्या माहेरी लहानपणापासून आणि पुढे सासरीही या विषयावर मी जे मौन पाहिलं, त्याची मला आज लाज वाटते, आणि ती इथे लिहून ठेवणं मला भाग आहे.

न ऐकण्याचं आजचं रूप पाहायला आता आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपकडे वळते.

४ ऑगस्ट २०१९ चा रविवार तुम्हाला आठवत असेल. गोदावरीला मोठा पूर आला होता. सकाळपासून ग्रुपवर व्हिडिओ यायला लागले. पूल वाहून जातोय, गाड्या तरंगताहेत, धरण फुटलं. कुठला पूल, कुठलं धरण, कधीचा व्हिडिओ, काही पत्ता नाही. चौथ्या मजल्यावरच्या एका बाईंनी रडत रडत बॅग भरली. माझी आई तेव्हा ऐंशीच्या पुढे होती, १९६९ चा पूर तिने डोळ्यांनी पाहिलेला. तिने मला एवढंच विचारलं, ‘दुतोंड्या मारुतीच्या कुठवर लागलंय?’

नाशिकबाहेरच्या माणसाला हा प्रश्न समजायचा नाही. रामकुंडाशेजारी पात्रात उभा असलेला हा मारुती आपली पूरपट्टी आहे. पाय बुडाले, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला, गळ्याला. पाणी मारुतीच्या डोक्यावरून गेलं की सराफ बाजारातली दुकानं रिकामी करायला लागतात. त्याहून मोठा पूर नारोशंकराच्या घंटेने मोजायचा. क्युसेकचा आकडा किती माणसांना कळतो? कमरेला लागलेलं पाणी सगळ्यांना कळतं. मारुती सगळ्यांना एकाच वेळी दिसतो, त्याच्याबद्दल खोटं बोलता येत नाही, कारण शेजारी उभा असलेला माणूसही तोच पाहत असतो. घाटावर उभ्या असलेल्या भाच्याला मी फोन केला. मारुती पाण्याखाली गेला होता. पूर मोठा होता, काळजी करण्याजोगा होता, आणि धरण जागच्या जागी होतं. आईने चहा टाकायला सांगितला. मी ग्रुपवर लिहिलं, ‘मारुती बुडालाय, धरण शाबूत आहे.’ त्याखाली अंगठ्याच्या आठ खुणा आल्या आणि लगेच धरणफुटीचा तोच व्हिडिओ दुसऱ्या कुणीतरी पुन्हा टाकला.

फोनला मी शत्रू मानत नाही. माझा मुलगा परदेशात आहे, त्याच्या मुलीचा पहिला शब्द मी फोनवरच ऐकला. मला खुपतं ते हे की फोनवर प्रत्येक जण एकटा ऐकतो. घाटावर बातमी ऐकताना शेजारी चार माणसं असतात. कुणी म्हणतं, ‘हॅ, मी आत्ता तिथूनच आलो.’ त्या एका ‘हॅ’मध्ये किती अफवा विरून गेल्या असतील! खोलीत एकट्याने वाचलेल्या बातमीला हा ‘हॅ’ भेटत नाही. ती तशीच्या तशी आत उतरते, आणि मग अशी हजार माणसं रस्त्यावर एकत्र येतात तेव्हा त्यांच्यात बोलणं झालेलंच नसतं, भीती तेवढी सारखी असते.

१ जुलै २०१८ ला, तोही रविवारच होता, शेजारच्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजार भरला होता. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे निरोप कित्येक दिवस फोनवर फिरत होते. मंगळवेढ्याकडचे पाच नाथपंथी डवरी गोसावी तिथे आले होते. भिक्षुकी करत गावोगाव हिंडणारी माणसं. त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या दारोदार जाण्यात, चार गावच्या गोष्टी पाचव्या गावात सांगण्यात गेल्या. जमावाने त्यांना धरलं आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. त्याच दिवशी आपल्या जिल्ह्यातल्या मालेगावात तसल्याच संशयावरून जमावाने एका कुटुंबाला घेरलं, त्यांच्यात लहान मूल होतं. पोलिसांनी त्यांना वाचवलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच जागांपलीकडे पुढे ढकलता येणार नाही, असं बंधन जाहीर केलं.

ग्रामपंचायतीची ती खोली माझ्या मनातून जात नाही. ती खोली माणसाला विचारण्यासाठी बांधलेली असते. तू कोण, कुठला, कशाला आलास? एवढं विचारून उत्तराला थांबलं असतं कुणी, मंगळवेढ्याला एक फोन लावला असता, तर पाच माणसं संध्याकाळी आपल्या पालावर गेली असती. प्रत्येकाच्या खिशात फोन होता. ज्या यंत्राने अफवा आणली त्याच यंत्राने खरं विचारता आलं असतं. विचारण्याची सवय मोडलेली होती. म्हणून मला वाटतं, निरोप पाचांना जावा की पन्नासांना, हा प्रश्न दुय्यम आहे. आलेल्या निरोपाला उलट विचारायला माणसाजवळ जागा आणि सराव आहे का, हे आधी पाहायला हवं. ती जागा गाव आणि शहर चालवणाऱ्यांनी राखायची असते. आता ते तुम्ही आहात.

या शहरात अशा जागा अजून शिल्लक आहेत. दर मे महिन्यात गोदाकाठी यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला भरते. तिला शंभरावर वर्षं झाली. पायऱ्यांवर बसून ऐकायचं, शेंगदाण्याची पुडी हातात, आणि न पटलं तर उठताना शेजाऱ्याशी तिथेच वाद घालायचा. सार्वजनिक वाचनालय, आपलं सावाना, १८४० चं आहे. तिथल्या वृत्तपत्रांच्या टेबलावर एकच अंक चौघं वाचतात आणि पान उलटायच्या आधी विचारतात, ‘झालं का तुमचं?’ नोव्हेंबर २०२५ मध्ये तपोवनात सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी सतराशेहून जास्त झाडं जाणार, असं समजल्यावर शेकडो लोकांनी हरकती लिहून दिल्या, लोक झाडाखाली जमले, सुनावणीला आवाज चढले. ती झाडं राहावीत असं माझं मत आहे. पण माझं मत वेगळं असतं तरी एक गोष्ट मी म्हटलीच असती. ‘सुनावणी’ या शब्दात ऐकवणं आहे आणि ऐकणंही आहे. निर्णय जवळजवळ पक्का झाल्यावर हरकत मागवली तर माणूस ओरडूनच बोलणार. मांडणी आधी चौकात झाली असती, कुठली झाडं, का, दुसरी जागा कुठली पाहिली, ती का नाही चालली, तर तिथे जमलेल्यांतल्या कितीतरी जणांनी शांतपणे उपाय सुचवले असते. या शहरात झाडांची जात सालीवरून ओळखणारी माणसं आहेत.

आणि आता सिंहस्थ कुंभमेळा आलाच आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वज चढेल, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. २७ ऑगस्ट २००३ ला सरदार चौकाच्या उतारावर जी चेंगराचेंगरी झाली, ती पंचवटीतल्या घराघरात आठवते. त्या दिवशी आमच्या दारात एक म्हातारी आजी संध्याकाळपर्यंत बसून होती. तिची भाषा आम्हाला येत नव्हती. तिला आपल्या माणसांची नावं सांगता येत होती, गावाचं नाव सांगता येत होतं, आणि कुंभातल्या भोंग्यावरून हरवले-सापडलेल्यांची जी नावं पुकारली जात होती त्यात आपलं नाव आलं की नाही, हे तिला कळत नव्हतं. शेवटी गल्लीतल्या कापडाच्या दुकानातला तिच्या मुलखातला एक नोकर सापडला. तो तिच्याशी दोन वाक्यं बोलला आणि ती रडायला लागली. दिवसभर ती रडली नव्हती.

म्हणून मी हात जोडून मागते आहे ते असं. महानगरपालिकेच्या कायद्यात २००९ पासून क्षेत्रसभेची तरतूद आहे. मोजक्या मतदान केंद्रांपुरते मतदार एका जागी बसतील आणि त्यांचा नगरसेवक त्यांच्यासमोर बसेल, अशी. ती सभा घ्या. कार्यक्रम म्हणून नको, मंडप, शाल-श्रीफळ काही नको. प्रभागात पुढच्या तीन महिन्यांत काय खणणार, काय बांधणार, किती पैसे, हे कागदावरून मोठ्याने वाचून दाखवा. मग गप्प बसून ऐका. प्रश्न वहीत लिहून घ्या, आणि पुढची सभा त्याच वहीतल्या उत्तरांनी सुरू करा. उत्तर ‘नाही होणार’ असं असलं तरी चालेल. नकाराचीही पोच असते. माणूस ती पचवतो. तेहतीस वर्षांत मी ‘मालक घेत नाही’ असा शेरा मारलेली कितीतरी पत्रं परत दिली आहेत. पाठवणाऱ्याला वाईट वाटायचं, पण तो दुसऱ्या मार्गाला लागायचा. ज्याच्या पत्राचं काय झालं हेच कळत नसे, तो रोज काउंटरवर यायचा, आणि हळूहळू त्याचा आवाज चढायचा.

सभेची वेळ ठरवताना धुणीभांडी करणाऱ्या बायकांना विचारा, त्यांची सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही दुसऱ्यांच्या घरी जाते. पेठ-सुरगाण्याहून येऊन मजूर अड्ड्यावर उभे राहणारे लोक तुमचे मतदार नसतील, पण तुम्ही काढलेल्या प्रत्येक रस्त्यावर खडी त्यांनी टाकलेली असते. त्यांच्याशी कोकणा भाषेत बोलणारं कुणीतरी शोधा. सिंहस्थासाठी फुलवाले, नावाडी, रिक्षावाले, गुरुजी, घाटावरचे चहावाले यांना सगळ्यात आधी बसवून माहिती द्या, कारण परगावचा माणूस घाबरला की तो भोंग्याकडे पाहत नाही, जवळच्या चहावाल्याला विचारतो. आणि कापडाच्या दुकानातल्या त्या नोकरासारखी माणसं कुठल्या गल्लीत आहेत, कोण कुठली भाषा बोलतो, याची यादी आत्तापासून करा. ती यादी तुमच्याइतकी सहज दुसरं कुणी करू शकणार नाही.

माझे वडील आमच्या चौकातल्या वार्ताफलकावर रोज सकाळी खडूने लिहायचे. पाणी उद्या उशिरा येईल, अमक्याच्या आजीचं देहावसान, शाळेचा निकाल. लिहून झाल्यावर ते लगेच निघत नसत. फळ्याशेजारी पाच-दहा मिनिटं उभे राहायचे, हातावरचा खडू झटकत. मी एकदा विचारलं, ‘बाबा, आता काय?’ म्हणाले, ‘कुणाला काही विचारायचं असलं तर?’ तो फळा अजून तिथे आहे. त्याच्यावर गेली अनेक वर्षं वाढदिवसाचे फ्लेक्स बांधले जातात, खालची काळी पाटी कडेने थोडी दिसते.

पाराचा ओटा आमच्याकडे रविवारी सकाळी दहा ते बारा मोकळा असतो. चटया आमच्या महिला मंडळाकडे आहेत, पाण्याची सोय समोरच्या घरातून होईल. ध्वनिक्षेपक लागणार नाही, ओटा लहान आहे.

या पत्राबरोबर प्रत्येकाला एक पोचपावतीचं कार्ड पाठवते आहे. एकशे बावीस कार्डं मी आणि माझ्या दोन मैत्रिणींनी जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यातून कापली. माझा पत्ता लिहिलेला आहे, नाशिकरोडला छापलेलं तिकीट लावलेलं आहे. जुन्या कार्डावर सही आणि तारीख एवढ्याच जागा असायच्या. मी त्यांच्या वर आणखी तीन रिकाम्या जागा आखल्या आहेत: वार, वेळ, ठिकाण. त्या भरून मग सही करावी, ही विनंती.

आपली,
पंचवटीतली एक मतदार